हिलाल आप्पांची लाईन

हिलाल आप्पा लोखंडाला ठोकून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवत नसत. माणसांवर ते तसाही ठेवत नसत, पण माणसांना ठोकून पाहता येत नाही ही त्यांची कायमची तक्रार होती.

लांब दांड्याची, लहान डोक्याची एक हातोडी सतत त्यांच्या खांद्यावर असे. सुरतेजवळ उधन्याच्या आमच्या चाळीचा लोखंडी कठडा, गल्लीतला दिव्याचा खांब, पाण्याच्या टाकीचे चारही पाय, दूधवाल्याची सायकल, काहीही वाटेत आलं की ते थांबत, एक टोला देत आणि मान तिरकी करून ऐकत. आवाज खणखणीत आला तर पुढे जात. बसका आला तर म्हणत, "मुकं बोलतंय." मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. आमच्या शाळेची घंटा त्यांनी एकदा सकाळी साडेआठलाच ठोकून पाहिली. मुलं दप्तरं उचलून घरी गेली. हेडमास्तर धावत बाहेर आले तेव्हा आप्पांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "घंटा चांगली आहे."

माझं लग्न झालं त्या महिन्यात ते सदिच्छा भेटीला आले. चहा होईपर्यंत त्यांनी आमची नवी लोखंडी खाट तपासली. चारही पायांना टोले देऊन झाल्यावर म्हणाले, "मास्तर, डावा पाय मुका बोलतोय. सांध्यात तडा आहे. खाट बाद करत नाही मी. पण ताशी दहा मैलांची गती लावा."

आतून कपबशी खाली पडल्याचा आवाज आला. त्यानंतर महिनाभर आमची ही आप्पांच्या समोर आली नाही.

आप्पा मूळचे खानदेशातले, दोंडाईच्याच्या पुढच्या एका खेड्यातले. ताप्ती लाईनवर ते सव्वीस वर्षं चावीवाले होते. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या ढिल्या होतात. म्हणून रोज पहाटे कुणीतरी आपल्या वाट्याचे तीन-चार मैल रुळांतून चालत जातं, ढिली चावी दिसली की ठोकून बसवतं आणि प्रत्येक सांध्याचा आवाज ऐकतं. प्रवाशांना ड्रायव्हर माहीत असतो, गार्ड माहीत असतो, स्टेशनमास्तर तर दिसतोच, कारण त्याची टोपी असते. चावीवाला खिडकीतून कुणाला दिसलाच, तर हा गृहस्थ आडोशाला निघालाय, फक्त तांब्या घरी विसरलाय, असं वाटतं.

निवृत्त झाल्यावर रेल्वेची हातोडी रेल्वेला परत करावी लागली. आप्पांनी ती केली, पावती घेतली आणि त्याच दुपारी सुरतेच्या लोहाराकडून तशीच दुसरी घडवून आणली. राहायला खोली घेतली ती आमच्या चाळीतली सगळ्यात शेवटची. मागच्या भिंतीला लागून रेल्वेलाईन आणि पायाखाली आर्ट सिल्कचे बारा माग. ती खोली कुणी फुकटही घेत नव्हतं. आप्पांनी हौसेनं घेतली. म्हणाले, "शांततेत झोप लागत नाही."

हे सगळं तसंच चालू राहिलं असतं, पण रमणीकशेठ जपानला गेले.

रमणीकशेठ म्हणजे आप्पांच्या खोलीखालच्या मागांचे मालक. नवे माग पाहायला म्हणून गेले आणि तिथे कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी आभाळात वर-खाली पळणारी आगगाडी पाहिली. शेठ तिच्यात चार वेळा बसले, चार वेळा ओकले आणि सुरतेलाही अशी एक पाहिजे असं ठरवून परतले. सुरती माणसाला एखादी वस्तू आवडली की तो आधी ती खाता येते का ते पाहतो. खाता येत नसेल तर तिचा धंदा करता येतो का ते पाहतो. डुमसच्या किनाऱ्यावर शेठची जमीन होतीच. तिथे सगळं सुरत रविवारी समुद्राकडे पाठ करून भजी खायला जमत असे.

इंग्रजीत त्या यंत्राला रोलर कोस्टर म्हणतात. शेठनी पाटी लावली 'उडती रेल'. बारडोलीकडच्या ऊसवाहू ट्रॉल्यांचे भंगारात निघालेले हलके रूळ, उधन्याच्या वर्कशॉपात उभे केलेले पोलादी खांब, गाडी वर ओढायला रंगाईच्या कारखान्यातली साखळी आणि मोटार. चार डबे. चाळीस फूट चढ, मग एकदम उतार, एक वळण समुद्राच्या अंगानं, एक वळण भज्यांच्या अंगानं आणि परत. हे सत्तर सालच्या आसपासचं.

शेठचे फिटर मागांत हुशार होते, रुळांत नव्हते. बांधकाम चालू असताना आप्पा एक दिवस सहज तिकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन खांब व पाच सांधे बाद करून टाकले. शेठनी त्यांना दोन सणसणीत शिव्या देऊन तिथल्या तिथे नोकरीवर ठेवलं. इथे एक खुलासा केला पाहिजे. सुरती माणूस शिवी देतो तेव्हा तो प्रसन्न असतो. तो 'आप' म्हणायला लागला की समोरच्यानं आपलं सामान आवरायला घ्यावं.

पहिल्या दिवशी आप्पांनी रुळांची पूर्ण फेरी पाहिली आणि विचारलं, "शेठ, गाडी जाते कुठे?"

"जाते कुठे म्हणजे? फिरून इथंच येते."

आप्पांनी हातोडी खांद्यावर घेतली. घरी येऊन मला म्हणाले, "मास्तर, सव्वीस वर्षांत असली लाईन पाहिली नाही. निघण्याचं स्टेशन आणि पोचण्याचं स्टेशन एकच. मधे एकही स्टेशन नाही. लोक पैसे देऊन बसणार म्हणे." रात्रभर विचार करून त्यांनी एवढंच ठरवलं की चढाची बाजू ती अप आणि उताराची ती डाऊन. रेल्वेच्या इतिहासात या दोन शब्दांना इतका सरळ अर्थ पहिल्यांदाच आला असावा.

मग त्यांनी त्या खेळण्याला रेल्वेची शिस्त लावली. वळणाच्या आधी 'शिट्टी वाजवा' अशी पाटी ठोकली. शिट्टी अर्थातच नव्हती, म्हणून मोटार चालवणाऱ्या नटुभाईंना तोंडानं वाजवावी लागे. नटुभाई पन्नाशीचे, पुढचे दोन दात नसलेले. त्यांच्या शिट्टीतून नुसती हवा येई, पण नियम पाळला गेल्याचं आप्पांना समाधान असे. आप्पा सकाळी खालपासून वरपर्यंत रूळ ठोकत जायचे, उतरून आले की नटुभाईंनी विचारायचं, "लाईन क्लियर?" मग आप्पांनी हिरवा झेंडा दाखवायचा. त्याशिवाय रिकामी गाडीसुद्धा हलत नसे. एकदा शेठ स्वतः पहिल्या डब्यात बसून 'चालू कर' म्हणून ओरडत होते आणि खाली आप्पा लाल झेंडा धरून उभे होते, कारण रुळावर खारीनं काहीतरी आणून ठेवलं होतं. शेठच्या शिव्या भज्यांच्या गाडीपर्यंत ऐकू येत होत्या. म्हणजे ते अगदी खुशीत होते.

हे सगळं बारीकसारीक मला कळे, कारण आप्पांची पत्रं मी लिहीत असे. त्यांना मैलांचे आकडे वाचता येत, अक्षरं नाहीत. पत्रं सगळी एकाच पत्त्यावर जात. केसरबाई, म्हणजे त्यांची बायको, गावाकडे एकटीच राहत असे. एक मुलगी होती, ती लग्न होऊन गेली होती.

केसरबाईंनी सव्वीस वर्षं आप्पांबरोबर लाईनीच्या कडेला झोपड्यांत आणि खुराड्याएवढ्या क्वार्टरांत संसार केला होता. दर तीन वर्षांनी बदली. दर गाडीला घर हादरे आणि फळीवरची भांडी खाली येत. आप्पा निवृत्त झाले त्या दिवशी बाईंनी भांडी गोणीत भरली आणि सांगितलं, "आता मी गावी जाणार. तिथे मांडलेलं भांडं मांडलेलं राहतं." आप्पा आठ दिवस गावात राहिले. तिथे लोखंड फक्त नांगराला आणि विहिरीच्या रहाटाला. नवव्या दिवशी ते सुरतेला परत आले. भांडण असं झालंच नाही. तिला हादरा नको होता, यांना हादऱ्याशिवाय करमत नव्हतं.

पण डुमसला गेल्यापासून आप्पांच्या मनात एक गोष्ट घोळायला लागली होती. उडत्या रेलच्या आवारात शेठनी एक पक्की खोली बांधली होती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा. देखरेखीच्या माणसाला मिळायची होती. लाईनही होती आणि लाईनीपासून खोली दोनशे फूट लांबही होती.

"लिहा मास्तर," आप्पा म्हणाले. "इथे माझ्याकडे स्वतंत्र लाईन आहे. माझ्या झेंड्याशिवाय गाडी हलत नाही. बदली नाही."

यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि सगळे मिळून एक थाप होत होती. शिक्षण खात्याची परिपत्रकं वाचण्याची मला सवय असल्यामुळे मी ते बिनतक्रार लिहिलं. शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं की, तुझ्याविना मला इथे सुनं सुनं वाटतं. आप्पांनी पत्र वाचून घेतलं आणि तिथे थांबवलं.

"हे मी बोललो?"

"नाही, पण शोभतं."

"खोडा. लिहा, खोली पक्की आहे. हादरा नाही."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पुतण्याच्या हातचं, पण आवाज केसरबाईंचाच. भांडं मांडलं की राहतं का, ते स्वतः पाहून कळवणे.

आप्पांनी पाहिलं. खोलीच्या फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि नटुभाईंना रिकामी गाडी सोडत राहायला सांगितलं. सतरा फेऱ्या झाल्या. नटुभाईंच्या ओठांना सूज आली. तांब्यातल्या पाण्यावर साधा तरंग उठला नाही. संध्याकाळी मी लिहिलं, "सतरा गाड्या गेल्या. पाणी हललं नाही." आप्पांच्या आयुष्यातलं हे सर्वात लांबलचक प्रेमपत्र असावं.

शेठनी खोलीचं कबूल केलं, पण एक अट घातली. "उद्घाटनाची पहिली गाडी पाहुण्यांना घेऊन सुखरूप परत आली, की किल्ली तुझी. तोपर्यंत खोली माझी."

अडलं पाहुण्यांवर. शेठना आधी मंत्री हवे होते. मंत्र्यांना वेळ नव्हता. मग उपमंत्री ठरले, तर ते उपमंत्री राहिले नाहीत. अशी तीन वेळा पत्रिका छापून झाल्यावर सहकारक्षेत्रातले एक वजनदार गृहस्थ मिळाले. वजनदार हे मी शब्दशः म्हणतोय. त्यांच्यासाठी पहिल्या डब्यातला मधला दांडा कापून दोन जागांची एक करावी लागली.

त्यांना सगळं चकाकतं आवडतं असं कुणीतरी सांगितलं. म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दोन दिवसांत शेठनी वरपासून खालपर्यंत सगळ्या लोखंडाला चंदेरी रंग मारून घेतला. आप्पा हात जोडून सांगत होते, "शेठ, खांबांना मारा, सांध्यांना नको. रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही." शेठ म्हणाले, "दिसू नये म्हणूनच मारतात, गांडा." गुजरातीत गांडा म्हणजे नुसता वेडा.

उद्घाटन शनिवारी दुपारी होतं. त्याच सकाळी केसरबाई आल्या. काळी सावळी, काटक बाई, डोक्यावर भांड्यांची गोणी. ती गोणी पाहून मला बरं वाटलं. नुसतं पाहून जायला आलेली बाई भांडी घेऊन येत नाही. आप्पा पहाटेच डुमसला गेले होते, म्हणून मीच त्यांना बसनं घेऊन गेलो. आवारात शिरल्यावर त्यांनी मान वर करून तो चंदेरी सांगाडा पाहिला.

"हाई काय शे?" त्यांनी आप्पांना अहिराणीत विचारलं.

"लाईन," आप्पा म्हणाले.

"गाडी कथी जास?"

"कथीच नही. आठेच येस."

"मंग जावानं कसाले?"

कुठेच जात नाही तर जायचं कशाला, हा आप्पांचाच जुना प्रश्न होता. तेवढ्यात गाडी रिकामी फेरी मारून गेली. केसरबाई सरळ खोलीत शिरल्या. फळीवरून हात फिरवला, ओट्यावर बसून पाहिलं, चूल कुठे मांडायची ते ठरवलं. आप्पा दारात उभे होते. एवढा वेळ ते एका जागी हातोडी न वापरता उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. केसरबाईंनी गोणी मात्र सोडली नाही. म्हणाल्या, "किल्ली हातात येऊ द्या."

तीन वाजता आप्पा शेवटच्या फेरीला निघाले. इकडे मांडव भरला होता. बँडवाले आले होते आणि त्यांनी आल्या आल्या वाजवायला सुरुवात केली होती. आप्पा समुद्राकडच्या वळणावर ठोकत होते, पण बँडपुढे हातोडीचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. त्यांनी वरून हात केला. बँडमास्तरला वाटलं, कौतुक करतायत. त्यानं आणखी जोर लावला. तेव्हा आप्पा खाली उतरले, बँडच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी लाल झेंडा उघडला. बँड एकेका वाद्यानं थांबत गेला. सगळ्यात शेवटी झांजवाला थांबला, कारण त्याचे डोळे मिटलेले होते.

आप्पा परत वर गेले. पण आता पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं आणि चार कर्णे लावलेले होते. देश कसा वेगानं पुढे चालला आहे, यावर पाहुणे बोलत होते. आप्पांनी दोनदा ठोकलं, कान लावला, मान हलवली. मग जिथे होते तिथेच, वीस फुटांवर, उभे राहून त्यांनी पाहुण्यांना लाल झेंडा दाखवला.

पाहुणे 'वेगानं' या शब्दावर थांबले. त्यांच्या सार्वजनिक जीवनात त्यांना कुणी थांबवल्याची ती पहिलीच वेळ असावी. मांडवातल्या लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावरच्या शांततेत आप्पांनी टोला दिला. मी लोखंडातला जाणकार नाही, पण तो आवाज मलाही ऐकू आला. नारळ आतून सडका निघावा तसा. आप्पांनी नखानं रंग खरवडला, मग चाकूनं खरवडला. दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला आडवा तडा गेला होता, वरून खालपर्यंत, दोऱ्याएवढं लोखंड शिल्लक ठेवून.

शेठ धावत आले. आप्पा खाली उतरले.

"हिलालभाई," शेठ म्हणाले, "आप जरा बाजूला येता का?"

मी समजलो.

"एक राउंड," शेठ हळू आवाजात म्हणाले. "एकच. धीरे धीरे. मग चार दिवस बंद ठेवा, नवी पट्टी घाला, मी शब्द बोलणार नाही. हजार माणूस बसलंय, हिलालभाई."

"धीरे जात नाही शेठ ही. उताराला लागली की आपल्या हातात काही राहत नाही."

"काल तर गेली ना? सकाळी पण गेली."

"रिकामी गेली."

शेठनी झब्ब्याच्या खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. नवी पितळेची किल्ली होती. केसरबाई दहा पावलांवर गोणी धरून उभ्या होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. मग दोघांनी किल्लीकडे पाहिलं.

"लाईन क्लियर नाही," आप्पा म्हणाले आणि जाऊन डब्यांच्या पुढे रुळावर बसले.

शेठनी नटुभाईंना मोटार चालू करायला सांगितलं. नटुभाईंनी सवयीनं विचारलं, "लाईन क्लियर?" आप्पांनी लाल झेंडा मांडीवर पसरला. नटुभाईंनी मोटारीवरचा हात काढून घेतला आणि मागे धरला.

पाहुणे अनुभवी होते. त्यांनी फीत कापली, उभ्या असलेल्याच डब्यात बसून दोन्ही हात हलवले, फोटोवाल्यानं खालून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. त्यात गाडी भलत्या वेगात असल्यासारखी वाटत होती, कारण पाहुण्यांचा चेहरा घाबरलेला होता. किल्ली शेठनी त्याच संध्याकाळी तिकिटं फाडणाऱ्या आपल्या मेव्हण्याला दिली. आप्पांना काढलं मात्र नाही. पट्टी उतरवली तेव्हा ती हातातच दोन तुकडे होऊन आली आणि पुढच्या आठवड्यात शेठ सगळ्यांना सांगत होते की तडा आधी त्यांनीच पाहिला होता.

त्या रात्री केसरबाई आमच्याकडे झोपल्या. आप्पांच्या खोलीत खाली माग चालू होते. झोपण्याआधी त्या आमच्या हिच्याजवळ बसून भाजी निवडत होत्या. हिनं भीत भीत विचारलं, "रागावलात?"

"कशाला? बरोबरच केलं त्यांनी," केसरबाई म्हणाल्या. "जल्मभर बरोबरच करत आले. त्याचाच कंटाळा आला, बाई."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं त्या निघाल्या. मी आणि आप्पा उधना स्टेशनवर पोचवायला गेलो. आप्पांनी गोणी वर फळीवर ठेवली, मग खाली काढली, तोंड उघडून भांड्यांच्या मधे आपला पंचा कोंबला आणि परत ठेवली. मग खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"मढीच्या पुढे वळण शे," ते म्हणाले. "तठे उभी राहू नको. नवापूरना पुलवर गाडी हळू व्हई. घाबरू नको, गती लायेल शे."

"माले माहीत शे," केसरबाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं त्याच मैलांवर त्यांनी भांडी उचलली होती. त्यांना माहीत असणारच.

"दोंडाईचाले उजव्या आंगे उतर. डाव्या आंगे खडी शे."

"बरं."

गाडी हलली. आप्पांनी हात वगैरे केला नाही. शेवटचा डबा गेल्यावर दोन क्षण रुळांकडे कान करून उभे राहिले आणि आम्ही घरी आलो.

आप्पा स्वतःच्या खोलीत गेले नाहीत. आमच्या ओट्यावर बसले. मी वह्या तपासत होतो. हिनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. बऱ्याच वेळानं ते मधेच म्हणाले, "बारडोली." मला वाटलं, काही सांगतायत. पण पुढे काही आलं नाही. आणखी चारपाच वह्या झाल्या. "मढी." त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. व्यारा गेलं, सोनगड गेलं. नवापूरला ते जरा पुढे सरकून बसले आणि पूल ओलांडायला जेवढा वेळ लागत असेल तेवढा वेळ तसेच राहिले. हिनं जेवायला हाक मारली. "नंदुरबार होऊ द्या," ते म्हणाले. नंदुरबार झालं, तरी उठले नाहीत. माझ्या वह्या संपल्या, पण मी लाल पेन्सिल हातात धरून बसून राहिलो.

"दोंडाईचा," आप्पा शेवटी म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "उतरली."

मी सुटकेचा श्वास टाकला. "चला आप्पा, जेवून घ्या आता. गाडी पोचली."

"गाडी पोचली मास्तर," आप्पा म्हणाले आणि होते तिथेच बसून राहिले. "तिला अजून दीड कोस पायी जायचंय. डोक्यावर गोणी आहे."